फोटोखालची ओळ

विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराचं मुंबई इलाख्यातल्या लोकांविषयीचं पुस्तक दोन खंडांत निघालं, पहिला खंड 1863 मध्ये आणि दुसरा 1866 मध्ये. पहिल्यात गुजरात, कच्छ, काठेवाडकडचे समाज आहेत, दुसऱ्यात महाराष्ट्रातले. पागोट्याचे पीळ, लुगड्याचे काठ, अंगावरचे दागिने, सगळं स्वच्छ दिसतं. माणसांच्या मागे एखादी इमारत, एखादं देऊळ, एखादा रस्ता असतो. पण ती माणसं त्या जागी उभी नव्हती. त्यांचा फोटो वेगळा काढलेला, जागेचा वेगळा, आणि छापताना दोन्ही जोडलेले. फोटोखाली बहुतेक ठिकाणी समाजाचं नाव येतं. समोर उभ्या असलेल्या माणसाचं नाव येत नाही.

आज पोशाखाचा अभ्यास करणाऱ्याला हे दोन खंड मोलाचे वाटतात, आणि ते खरंच मोलाचे आहेत. पण त्यांना काही विचारायला गेलं की ते गप्प बसतात. हा माणूस कोण? तो कॅमेऱ्यासमोर स्वखुशीनं आला, पैसे मिळतात म्हणून आला, की साहेबानं बोलावलं म्हणून? अंगावरचे दागिने त्याचेच, की फोटोपुरते आणलेले? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर फोटोत नाही. ते फोटोखाली लिहायचं असतं आणि ते लिहिलं गेलं नाही.

या लेखात मला एवढंच सांगायचं आहे. लोकांच्या रोजच्या जगण्याची, सणावारांची, रीतिरिवाजांची नोंद फोटोनं करायची असेल तर फोटो हे निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं त्याखालच्या ओळीत असतं, आणि ती ओळ कोण लिहितो यावर त्या नोंदीचं मोल ठरतं.

कॅमेरा आपल्याकडे फार लवकर आला. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालची. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिचे सभासद होते, आणि नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. लगेचच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथेच शिकले आणि पुढे त्यांनी मुंबईत व्यवसाय थाटला. म्हणजे कॅमेरा फक्त साहेबाच्या हातात होता असं नाही. पण कुणाचा फोटो, कशासाठी आणि त्याखाली काय लिहायचं, हे ठरवण्याची सत्ता मात्र सरकारकडे होती. 1857 नंतर ती अधिकच पक्की झाली. लॉर्ड कॅनिंगच्या हौसेतून सुरू झालेला फोटोंचा संग्रह ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावानं 1868 ते 1875 या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झाला. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे त्याचे संपादक. साडेचारशेहून अधिक फोटो आणि प्रत्येकाला मजकुराची जोड. ही जमात राजनिष्ठ, ती भांडखोर, तिसरी चोऱ्या करणारी, असे शेरे त्या मजकुरात आहेत. फोटोत एक माणूस, आणि शेरा सगळ्या जमातीवर. हे खंड निघत असतानाच, 1871 मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला. तो रद्द झाला 1952 मध्ये. आपल्याकडच्या पारध्यांच्या किंवा भामट्यांच्या वस्तीवर जाऊन बसलात तर त्या शेऱ्यांची झळ अजून विझलेली नाही हे दिसतं. म्हणून फोटोखालची ओळ हा मला केवळ पद्धतीचा प्रश्न वाटत नाही.

माणसांच्या संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्यांनाही फोटोचं मोल उमगायला वेळ लागला. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअँड बेटांवर 1915 ते 1918 या दरम्यान राहून एक हजाराच्या वर फोटो काढले. पुढे 1935 मध्ये तिथल्या शेतीवरच्या ग्रंथात त्यांनी मोकळेपणानं लिहिलं, की फोटोग्राफीला आपण दुय्यम मानलं ही गंभीर चूक होती. लिहायला बसल्यावर त्यांनी वहीतल्या नोंदी फोटोंशी ताडून पाहिल्या आणि कित्येक विधानं त्यांना बदलावी लागली. वहीत माणूस आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं तेच टिपतो. कॅमेरा कोपऱ्यातलंही टिपतो.

हे काम पुरेपूर निगुतीनं केलं ते ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड या जोडप्यानं, बाली बेटावर, 1936 पासून. बायुंग गडे नावाच्या डोंगरातल्या गावात ते राहिले. बेटसन फोटो काढत. मीड त्याच वेळी शेजारी बसून काय चाललं आहे ते लिहून काढत, मधेमधे घड्याळातली वेळ टाकत. आणि त्यांचे बालीतले सहकारी इ मादे कालेर हे त्याच प्रसंगाची नोंद बालीच्या भाषेत करत. एका प्रसंगाच्या अशा तीन नोंदी. आई बाळाला कशी घेते, त्याला नाच शिकवताना त्याचे हात कसे धरते, बाळ रडायला लागलं की काय करते, हे एका फोटोत नाही तर ओळीनं काढलेल्या फोटोंत दाखवलं. एकूण फोटो सुमारे 25,000. त्यांतले 759 निवडून 1942 मध्ये ‘बालिनीज कॅरेक्टर’ हे पुस्तक झालं. एका पानावर फोटो, समोरच्या पानावर त्यांची माहिती, बहुतेक ठिकाणी माणसांच्या नावांसह आणि तारखेसह. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती बरीचशी रास्त होती. पण ती टीका करता आली, कारण पुरावा सगळा मांडून ठेवलेला होता. या तिघांत मला सर्वांत मोठं काम कालेर यांचं वाटतं. गावातल्या लोकांचे शब्द त्यांच्याच भाषेत राहिले ते त्यांच्यामुळे.

आता आपल्याकडचं एक उदाहरण घेऊ. सजवलेल्या बैलाचा फोटो. शिंगांना हिंगूळ आणि बेगड, कपाळावर बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, शेजारी नवं धोतर नेसलेला धनी. दरवर्षी वर्तमानपत्रांत येतो तो फोटो. हा सण कोणता? श्रावणी अमावास्या असेल तर विदर्भ, मराठवाडा, खानदेशातला पोळा. भाद्रपदातली अमावास्या असेल तर पुण्याकडच्या काही गावांतला भाद्रपदी पोळा. आषाढ असेल तर साताऱ्या-सांगलीकडचा बेंदूर, आणि ज्येष्ठ असेल तर सीमेलगतच्या गावांतला कर्नाटकी बेंदूर. चित्र तेच, सण चार. नुसत्या फोटोवरून हे ओळखता येत नाही. खाली तिथी आणि गाव लिहिलं असेल तर त्या एका ओळीतून पावसाचा, पेरणीचा, त्या मुलखातल्या कामाच्या वेळापत्रकाचा अख्खा नकाशा उलगडतो.

शिवाय फोटोग्राफर येतो मिरवणुकीच्या वेळी. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी झालेली असते. वर्षभर जू वाहून कठीण झालेले बैलाचे खांदे गरम पाण्यानं शेकतात, हळद आणि तूप-लोणी लावून चोळतात, आणि उद्या जेवायला या म्हणून बैलाला रीतसर आवतण देतात. माझ्या दृष्टीनं पोळ्याचा गाभा तो आहे. तिथे वेशीसारखी गर्दी नसते, वाजंत्री नसते, उजेडही नसतो. म्हणून फोटो नसतो. आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. फोटोत कासरा धरून धनी उभा असतो. बैलाला वर्षभर वैरण-पाणी करणारा, पहाटे ओढ्यावर नेऊन धुणारा, रंगवणारा सालगडी बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेर राहतो. फोटो खोटं बोलत नाही, पण मालक ज्याला पुढे उभं करतो तेवढंच तो दाखवतो.

यावर एक साधा उपाय अभ्यासकांना सापडलेला आहे. जॉन कोलिअर या अमेरिकन छायाचित्रकारानं कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पाहणीत दोन रीतींची तुलना केली. काही लोकांशी नुसते प्रश्न विचारून बोलायचं, काहींच्या हातात त्यांच्याच परिसराचे फोटो देऊन बोलायचं. फोटो हातात असले की लोक अधिक नेमकं बोलतात, न थकता बोलतात, आणि पुन्हा बोलायला तयार असतात, असं त्यानं 1957 मध्ये मांडलं. त्याचं 1967 सालचं पुस्तक या विषयातलं पायाभूत पुस्तक ठरलं. आपल्या खेड्यात याचा पडताळा कुणालाही घेता येईल. वयस्क शेतकऱ्यापुढे पोळ्याचा जुना फोटो ठेवून काही न विचारता बसावं. बैल कुठल्या बाजारातून आणला इथपासून गोष्ट सुरू होते आणि जमीन कशी वाटली गेली, बैल कधी विकला, ट्रॅक्टर कुणी आणला, इथवर जाते. प्रश्नावलीला ही उत्तरं मिळत नाहीत. फोटो माणसाला उत्तर द्यायला लावत नाही, आठवायला लावतो, आणि मग फोटोखालची ओळ अभ्यासक लिहीत नाही, तो माणूस सांगतो.

आषाढी वारीचे फोटो आता इतके निघतात, की वारीवर आणखी फोटो कशाला असं वाटावं. पण बहुतेक फोटो तेच असतात. दिवेघाटाचं वळण, रिंगणातला धावता अश्व, डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी. ड्रोन आल्यापासून तर वारी वरूनच बघायची सवय लागली आहे. वारीचं रोजचं जगणं मात्र खाली, पालांमध्ये आहे. दिंडीचं सामान वाहणारा ट्रक पुढे जाऊन जागा धरतो. टँकरपाशी रांगा लागतात. धुतलेली लुगडी बाभळीवर, कुंपणावर वाळत पडतात. दुपारच्या विसाव्याला पायांना तेल चोळत माणसं आडवी होतात. संध्याकाळी तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार हातातला दंड उंचावतो आणि एवढ्या गर्दीत शांतता पसरते. मग हरवलं-सापडलं पुकारतात. त्या क्षणाचा फोटो काढला तर तो कुठल्याही गर्दीचा फोटो दिसेल. ती शांतता आहे, ती कुणी आणली आणि त्यानंतर काय झालं, हे लिहावंच लागतं.

इरावती कर्वे वारीत चालल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. दिवसभर एका दिंडीत चालणारी, एका सुरात अभंग म्हणणारी माणसं जेवणाची वेळ झाली की जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्यांनी पाहिलं, लिहिलं, आणि त्याचं दुःख त्यांनी लपवलं नाही. वारीचा फोटो काढणाऱ्या प्रत्येकानं हा लेख वाचलेला असावा असं मला मनापासून वाटतं. चालत्या दिंडीचा फोटो समता दाखवतो आणि ती खोटी नाही. पण चुली किती पेटल्या, कुणाच्या चुलीपाशी कोण बसलं, याचाही फोटो काढला पाहिजे. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर वारी समजू लागते. आणि आज त्या चुली कशा मांडल्या जातात, काय बदललं, काय तसंच राहिलं, हे कुणीतरी दिंडीगणिक टिपायला हवं. हे काम ड्रोननं होणार नाही.

ग्युंटर सोन्थायमर यांनी ते खाली बसून केलं. हायडेलबर्गचा हा जर्मन विद्वान धनगरांच्या वाड्यांवर जाऊन राहिला. मेंढरांबरोबर फिरणारे वाडे, शेतात मेंढ्या बसवण्याचे व्यवहार, बिरोबाच्या जत्रा, ओव्या. त्यांनी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, फोटो काढले, जेजुरीच्या खंडोबावर फिल्म केली, आणि हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासह वारीवर केली. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ 1976 सालचा. ॲन फेल्डहाऊस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 1989 मध्ये आला. 1992 मध्ये ते गेले. सोन्थायमरांकडून शिकायचं ते हे, की आवाज, चित्र आणि शब्द त्यांनी एकमेकांपासून तोडले नाहीत. आपल्याकडे रा. चिं. ढेरे, दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर यांनी लोकसंस्कृतीचं जे शब्दधन गोळा केलं त्याला तोड नाही. पण त्या मानानं आपल्याकडे चित्रांची बाजू लंगडी राहिली. हजारो ओव्या आहेत, ओवी म्हणणारीचा चेहरा मात्र क्वचितच आहे.

ही उणीव भरून काढणारं एक काम आपल्याच पुण्यात झालं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या गोळा करणाऱ्यांत मुळशी-मावळातल्या गरीब डोंगरी संघटनेच्या बायका होत्या. म्हणजे विचारणारी आणि सांगणारी एकाच वाटेवरच्या. पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात हा साठा 2017 पासून येतो आहे. तिथली पद्धत पाहण्यासारखी आहे. ओवी ऐकायला मिळते, गाणाऱ्या बाईचा फोटो दिसतो, आणि खाली लिहिलेलं असतं तिचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, मुलं किती, काम काय करते. जॉन्सनच्या पुस्तकात जातीचं नाव होतं आणि माणूस नव्हता. इथे जातही लिहिली आहे, कारण ती न लिहिणं म्हणजे वास्तव झाकणं. पण ती लिहिली आहे एका नावागावाच्या बाईच्या माहितीत, तिच्या आवाजाशेजारी. दीडशे वर्षांत फोटोखालच्या ओळीचा प्रवास कुठवर आला हे इथे दिसतं.

संदेश भंडारे यांचं ‘तमाशा: एक रांगडी गंमत’ हे पुस्तक याच वाटेवरचं. फडाचा रंगमंच आणि त्यामागचं बिऱ्हाड त्यांनी एकत्र दाखवलं. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले तेव्हा मॅनहोलमध्ये उतरलेला माणूस शहराला पहिल्यांदा इतक्या जवळून दिसला. सफाईचं काम हा संस्कृतीचा विषय आहे का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठामपणे होय असं आहे. कुठल्या जातीनं कुठलं काम करायचं हे ठरवणारी परंपरा पैठणीइतकीच जुनी आहे, आणि तिचीही नोंद व्हायला हवी.

काही ठिकाणी मात्र कॅमेरा खाली ठेवावा. सोमवतीला जेजुरीत पालखी कऱ्हेकडे निघते, भंडाऱ्यानं आसमंत पिवळा होतो, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कॅमेरे चहूबाजूंनी पुढे येतात. तिथवर ठीक आहे, तो उघड्यावरचा सोहळा आहे. पण देवळाच्या पायरीशी एखाद्या बाईच्या अंगात आलेलं असतं, केस सुटलेले, पदराचं भान नाही, आणि तिच्या तोंडाजवळ भिंग नेलेलं असतं, हे मला सहन होत नाही. ती त्या क्षणी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही. वारीत पहाटेच्या अंधारात टँकरपाशी आंघोळ उरकणाऱ्या बायकांचं तसंच. अभ्यासाचं नाव घेतलं म्हणून यातलं काही क्षम्य ठरत नाही. अशा जागी वही पुरते. बाई शुद्धीवर आली, तिच्याशी ओळख झाली, तिनं स्वतःहून बसून फोटो काढू दिला, तर तो फोटो अधिक काही सांगतो.

परवानगी हाही एकदाच विचारून संपणारा प्रश्न नाही. डहाणू-तलासरीकडे वारल्यांच्या लग्नात सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते, आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. घरात उजेड बेताचा. फ्लॅश मारला की शेणागेरूची भिंत सपाट, भगभगीत दिसते, आणि चौक ज्या अंधारात पाहायचा तो अंधारच जातो. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी वारल्यांच्या हाती कागद आणि रंग दिले, जिव्या सोमा मशे यांची चित्रं जगभर गेली, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. ते चांगलंच झालं. पण लग्नातला चौक हे त्या सवाशिणींचं काम होतं, आणि ते त्या लग्नापुरतं असतं. त्याचा फोटो काढून तो कपड्यावर, कपावर छापला जाणार असेल तर ते लिहिणारीला आधी कळलं पाहिजे. फोटो काढलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, की हा मला मिळणार का. त्याला छापील प्रत नेऊन देणं हे मी अभ्यासाचं पहिलं कर्तव्य मानतो. ती प्रत द्यायला गेलं की खरी माहिती मिळते, हा त्यातला लाभ.

आता तुमच्या घराकडे येतो. आज फोटो अमाप आहेत आणि नोंदी जवळपास नाहीत. फोन तारीख आणि बहुधा जागाही फोटोत साठवतो, पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की ती माहिती गळून पडते आणि फोटोही लहान होतो. ठेवण्याजोगा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि दोन वेगळ्या ठिकाणी साठवा. जुन्या रंगीत प्रती लालसर होत चालल्या आहेत, त्यांचे स्कॅन आत्ता करायला हवेत. तालुक्याच्या गावातले जुने फोटो स्टुडिओ बंद पडताहेत आणि निगेटिव्हच्या पेट्या भंगारात जाताहेत. त्या पेट्यांमध्ये चाळीस-पन्नास वर्षांची लग्नं, बारशी, शाळांचे गट, भजनी मंडळं आहेत. महाविद्यालयांच्या मराठी आणि समाजशास्त्र विभागांनी आपापल्या गावातला एकेक स्टुडिओ जरी हाती घेतला, मालकाच्या शेजारी बसून कोण कुठलं ते लिहून घेतलं, तरी महाराष्ट्राचा केवढा तरी इतिहास वाचेल. मालक हयात आहेत तोवरच हे होईल.

आणि घरातलं काम या दिवाळीतच करता येईल. भाऊबीजेला सगळे जमतील तेव्हा जुना अल्बम काढा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला मधे बसवा, त्यांना बोलू द्या, कुणीतरी एकानं लिहून घ्या. प्रत्येक फोटोसाठी एवढं तरी हवं: माणसांची नावं डावीकडून उजवीकडे, गाव, वर्ष किंवा तिथी, काय चाललं आहे, आणि फोटो कुणी काढला. मागे उभी असलेली मोलकरीण, सालगडी, शेजारीण यांचीही नावं विचारा. ती आधी लिहा, कारण ती सर्वांत आधी विसरली जातात. फोटोच्या मागे लिहिताना मऊ शिशाची पेन्सिल वापरा. बॉलपेन दाबून चालवलं तर अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात.